उलट झालं, सुलट राहिलं

नलूताई, वाद अर्धा टाकून कुणी उठायचं नाही, हा नियम तुमचा होता, माझा नव्हे. राज्यशास्त्राच्या शिक्षकांची एवढी शिबिरं घेतलीत धारला, आणि दर शिबिरात पहिल्या सकाळी तो फळ्यावर खडूने लिहायचात. खाली जाड रेघ ओढायचात. आणि स्वतः काय केलंत? रविवारी फोनवर माझ्याशी कडाकडा भांडलात आणि आठवडा संपायच्या आत उठून चालत्या झालात. हे काय वागणं झालं?

काल तुमच्या उठावण्याला, तिसऱ्या दिवसाच्या बैठकीला, धारला येऊन गेले. आज पुन्हा रविवार आहे. उद्या सोमवारी शिबिर, आणि तुमच्या जागी मी उभी राहणार आहे. सकाळपासून लिहायला बसते नि उठते. चहा दोनदा गार झाला. ह्यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ‘नलूताईंशी बोलून घे, मग जेवायला ये.’ शहाणा माणूस. म्हणून बोलतेय.

त्या रविवारी तुम्ही एवढंच म्हणालात, ‘शोभे, यंदा विषय धरणाचाच घ्यायचा. आणि तू यायचंस.’ मी म्हटलं, कशाला पुन्हा तेच? झालं गेलं नर्मदेला मिळालं. तर तुम्ही म्हणालात, ‘मिळालं नाही ना, तीच तर पंचाईत आहे. तू ये तर खरी. आल्यावर सांगते.’ मी ‘बरं’ म्हटलं आणि रिसीव्हर आपटला. म्हणजे इतक्या वर्षांच्या बडबडीत तुम्हाला माझा शेवटचा शब्द मिळाला तो ‘बरं’. तोही फुगून म्हटलेला.

पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं तेव्हा मी देवासच्या शाळेत नवी नवी लागले होते. नव्वद साल उलटून थोडेच दिवस झाले होते. हिवाळ्यात हुकूम आला, धारला प्रशिक्षणाला जा. शाळेतल्या जुन्या बायांनी समजावलं, लोकर घेऊन जा, अख्खा स्वेटर होतो. खरंच होतं ते. एक जण पुस्तकातून वाचायचा, पुरुष डुलक्या काढायचे, बायका विणायच्या, आणि पोहे-जिलबी आली की सगळे एकदम जागे. तुम्ही आलात खांद्याला झोला अडकवून, सुती साडी, कपाळावर आठी. पहिल्या रांगेतल्या माझ्या हातातलं विणकाम सरळ ओढून घेतलंत! मला वाटलं, झालं, गेली नोकरी. तर तुम्ही ते सगळ्यांसमोर धरलंत आणि म्हणालात, ‘हे पाहा. एक टाका उलट, एक टाका सुलट, तेव्हा काठ सपाट बसतो. नुसतंच एका अंगाने विणत गेलं तर कडा गुंडाळतात. आपलं राज्यशास्त्र शिकवणं तसं झालंय. कडा गुंडाळल्यात.’

मग त्या दोन खुर्च्या आल्या. अख्ख्या सभागृहात हातांच्या खुर्च्या त्या दोनच. समोरासमोर मांडायच्या. प्रश्न फळ्यावर. ज्याचं जे मत असेल, त्याने आधी त्याच्या विरुद्ध खुर्चीत बसायचं आणि समोरच्याची बाजू बोलायची. समोरचा ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं म्हणेपर्यंत सुटका नाही. हे उलट. मग जागा बदलायच्या आणि आपलं आपण बोलायचं. हे सुलट. आधी उलट, मग सुलट. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं नुसतं म्हणता ना,’ तुम्ही म्हणायचात, ‘मग जा की अर्धा तास. भाडं पडत नाही.’

तुमच्या घराण्याने दरबारची चाकरी केलेली. घरात अजून दादासाहेब नि वहिनीसाहेब अशा हाका. मी ‘भाऊ-वहिनी कसे आहेत’ म्हटलं तरी तुमची भुवई वर जायची. आणि माझे वडील नाशिकहून कारखान्यात लागलेले, आम्ही कॉलनीतले. तुम्ही माझ्या मराठीला ‘चिवडा’ म्हणायचात. मी म्हणायचे, मुजरे करणाऱ्यांची नात लोकशाही शिकवते, हाच मोठा उलट टाका आहे. त्यावर तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. हसू आलं की आठी जायची, आणि मग तुम्ही एकदम लहान दिसायचात.

पण तुमच्यामुळे माझा वर्ग बदलला, हे तोंडावर कधी सांगितलं नाही. आता सांगते. पोरं घोकायची थांबली. घरी तर गंमतच. सासूबाईंचं नि माझं नोकरीवरून वाजायचं, तेव्हा एकदा वैतागून मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्या माझी बाजू अशी फर्मास बोलल्या की मीच रडायला लागले. त्यांची बाजू मी बोलले, तर म्हणाल्या, ‘हेच, पण जरा कमी तोंड करून.’ त्या दिवसापासून डबा त्या भरून द्यायला लागल्या. हे तुमचं देणं आहे.

थांबा हं, नळ आलाय. देवासचा नळ, ठाऊक आहे तुम्हाला. एक दिवसाआड येतो आणि वेळ त्याच्या मर्जीची. भरून येते.

आले. हात ओलेच आहेत.

हां, तर पाणी. आपलं सगळं भांडण पाण्याचंच ना! ते धरणाचं शिबिर. दोन हजार साल उजाडायचं होतं अजून. तिरला, अमझेरा, धरमपुरीकडचे शिक्षक होते, देवासच्या आम्ही दोघी-तिघी. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘नर्मदेवरची मोठी धरणं हवीत की नकोत?’ सभागृहातली कुजबुज एकदम बंद झाली, कारण तिसऱ्या रांगेत पाटीदार सर बसले होते. धरमपुरीच्याही खाली, नर्मदेच्या काठावर त्यांचं गाव, बुडणार म्हणून ठरलेलं. उंच, अबोल माणूस, खिशात कायम बडीशेप. त्यांचा हात ‘नकोत’ला वर गेला. ‘हवीत’ला सगळ्यांत आधी माझा.

का नाही जाणार? आमच्या देवासला रेल्वेने पाणी आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबा पाळी करून यायचे आणि कपडे न बदलता ड्रम घेऊन रांगेत उभे राहायचे. गुजरातेतल्या धरणाचं पाणी देवासला येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण तहानलेला माणूस कुठल्याही धरणाच्या बाजूने हात वर करतो.

तर तुम्ही आम्हा दोघांनाच बोलावलंत. मला ‘नको’च्या खुर्चीत, त्यांना ‘हवं’च्या.

ते आधी बोलले. निमाडी हेल, आवाज खालचा. ‘मेरे घर में चार मटके हैं और चारों खाली हैं,’ असं सुरू केलं त्यांनी. रांगेतला बाप बोलले. रात्री नळाच्या आशेने जाग्या बाईचं बोलले. ‘जिनके आँगन में नदी है, वो मुझे सब्र सिखाते हैं,’ हेही बोलले. हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं, पण मनात तेच होतं. मी कधी ‘हो, हेच’ म्हटलं, माझं मला कळलं नाही.

मग मी. काय बोलले मी? पेपरात वाचलेलं. सुपीक जमीन, जुनी देवळं, मोबदला, विस्थापित. ‘विस्थापित’ तर चार वेळा म्हटलं असेन. ते ऐकत होते. भिंतीवर नद्यांचा नकाशा होता, त्याच्याकडे बघत होते. तुम्ही विचारलंत, ‘पाटीदार सर, यही कहना था आपको?’

ते पुढे सरकले. ‘नहीं मॅडम,’ म्हणाले, ‘असल में...’

आणि दार धाडकन उघडून आपला भेरूभिया चपराशी आत. ‘साब आ गए! साब आ गए!’

समापनाचे पाहुणे दुपारचे यायचे ते सकाळीच आले होते, त्यांना पुढे कुठे लग्न होतं. आणि पाहुण्यांना, प्राचार्यांना बसायला हातांच्या खुर्च्या पाहिजेत! भेरूभियाने आमच्या दोघांच्या खालून खुर्च्या अक्षरशः काढल्या नि मंचावर नेल्या. मी आणि पाटीदार सर मध्येच उभे, जसे नवरा-नवरी. हार, नारळ, ‘शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार’. सरांना प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. दाल-बाफल्याच्या पंगतीत त्यांचं पान रिकामं होतं. मी बाहेर जाऊन पाहिलं, बस केव्हाच गेली होती.

तिथून आपलं लागलं. तुमच्या ओट्यावर त्याच संध्याकाळी मी म्हटलं, हे पाप झालं नलूताई. ज्याचं घर बुडणार, त्याच्याच तोंडून धरणाची तरफदारी करवलीत, आणि स्वतःचं बोलायची पाळी आली तर खुर्ची काढून घेतली. असा खेळ निदान त्याच्याशी तरी खेळायचा नव्हता.

तुम्ही म्हणालात, ‘खेळ नव्हे तो. उद्या त्याच्या वर्गात देवासहून बदलून आलेलं पोर बसेल. धरण हवं म्हणेल. त्याला हा मास्तर बाहेर काढील का ऐकून घेईल? राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला स्वतःच्या घराची सवलत नाही.’

मी म्हटलं, तुमचं घर बुडत नाहीये म्हणून सुचतंय.

तुम्ही सावकाश म्हणालात, ‘उलट सोपं असतं गं. दुसऱ्याचं बोलायला नाटक चालतं. सुलट राहिलं ते वाईट झालं. आणि खरं सांगू? तुला त्याची काळजी नाही, शोभे. तुझी तुला आहे. जागा बदलल्या असत्या तर त्याच्या डोळ्यांत बघून धरण हवं म्हणावं लागलं असतं तुला. वाचलीस.’

हे वाक्य मी किती वर्षं गिळलेलं नाही! इंदूरला बस बदलताना आठवायचं, भाजी चिरताना आठवायचं. तुमच्या पुतणीच्या लग्नात मांडवात पुन्हा काढलं आपण, वहिनीसाहेबांनी दोघींना अक्षता हातात देऊन गप्प केलं. फोनवर काढलं. दर शिबिरात जेवताना काढलं. तुम्ही हटला नाहीत, मीही नाही. पण एक मला दिसत होतं. त्या सालानंतर तुम्ही समापनाचा समारंभ शिबिराच्या पहिल्या सकाळीच उरकायला लागलात. आधी समापन, मग शिबिर! अख्खा जिल्हा हसायचा. प्राचार्य कपाळाला हात लावायचे. मी विचारलं तर म्हणालात, ‘पाहुण्यांची सोय.’ कसली सोय हो? तुम्हाला तो दरवाजा पुन्हा धाडकन उघडायला नको होता. पण कबूल कराल तर नलूताई कसल्या!

पाटीदार सर परत कधी शिबिराला आले नाहीत. मी समजून होते, दुखावले ते कायमचे. माझ्या बाजूचा हाच तर मोठा पुरावा होता.

आणि काल काय झालं ते ऐका.

तुमच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. दादासाहेब भिंतीला टेकून, कुणी आलं की हात जोडत होते. भेरूभिया पाणी देत होता, रडत रडत, नाक पुसत. मी बायकांत बसले होते. पुरुषांच्या कडेला एक उंच माणूस, डोक्याला पांढरा साफा. पिकलाय आता, पण खिशातून बडीशेप काढली तेव्हा ओळखलं.

मंडळी उठली तशी मी गेले. नमस्कार केला. ते बघत राहिले. ‘देवासवाली मॅडम? चार मटके?’

मी म्हटलं, सर, तुम्ही शिबिराला येणंच सोडलंत. नाराज होतात ना त्यांच्यावर?

‘नाराज?’ ते म्हणाले. ‘मॅडम तो हर संक्रांत घर आती थीं.’

नलूताई! दर संक्रांतीला! मी तिळगुळाला फोन करायचे तर वहिनीसाहेब म्हणायच्या, ‘वन्सं बाहेर गेल्यात.’ मला वाटायचं, असतील कुठे हळदीकुंकवाला. आणि तुम्ही दोन बसा बदलून, दुखऱ्या गुडघ्यांनी नर्मदेच्या काठावर उतरत होतात!

सर सांगत होते आणि मी तिथेच खाली बसले. तुम्ही जायचात, त्यांच्या ओसरीवर खाटेवर टेकायचात, तिळगुळाचा डबा पुढे करायचात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, हे काय असतं? तुम्ही सांगितलंत, आमच्यात हे देऊन म्हणतात, गोड बोला. ‘पर आप मीठा मत बोलिए,’ म्हणालात, ‘बस बोलिए. आपकी बारी रह गई है.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मैं कहता, आज नहीं मॅडम. अगले साल.’ मग त्यांची बायको भाकरी टाकायची. तुम्ही गावात फिरायचात, पोरांना काहीबाही विचारायचात, घाटावर पाय पाण्यात सोडून बसायचात आणि शेवटच्या बसने परत.

‘इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत? इतकं अवघड होतं?’

ते हसले. काय सांगू, असं हसले की पाहवेना. ‘अवघड कुछ नहीं था. सब याद था, आज भी है. पर बोल देता, तो आना बंद कर देतीं ना.’

भेरूभियाने पाण्याचे पेले आणून ठेवले, ते तसेच.

मग त्यांनीच सांगितलं. यंदा तुम्ही फोन केलात त्यांना. म्हणालात, आता गुडघे चालत नाहीत भिया, या खेपेला तुम्हीच या, मी तुमच्यासाठी विषय तोच ठेवते. आणि ते हो म्हणाले होते. त्यांचंही आता निघायचं ठरतंय, नव्या वसाहतीत जागा मिळाली आहे. जुनं घर अजून उभं आहे, कौलं उतरवायची बाकी आहेत. ‘सोचा, घर रहते बोल दूँ.’

म्हणजे ‘आल्यावर सांगते’ ते हे होतं. बाई, फोनवर सांगितलं असतंत तर काय झालं असतं? भीती वाटली, मी म्हणेन, बघा, मीच बरोबर होते? म्हणालेच असते! पहिली म्हणाले असते! त्यांचं बोलणं राहिलं हे तुम्हाला माझ्याइतकंच टोचत होतं, माझ्याहून जास्त, आणि माझ्याशी मात्र मांडवात अक्षता हातात घेऊन भांडत होतात. एका बसमधून गेलो असतो दोघी. मी तुमची पिशवी धरली असती. राग येतो हो. त्या डब्यातला एक लाडू माझ्या नावाचा असायला पाहिजे होता.

आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी आहे, तेच बसू देत नाहीये. सर म्हणाले, ‘मंडे को आऊँ क्या? अब तो मॅडम नहीं हैं. किससे बोलूँगा?’ मी म्हटलं, या. नक्की या. तोंडातून गेलं, आणि मग वाटलं, हे काय बोलून बसले. कारण समोरची खुर्ची माझी आहे. ते त्यांचं घर बोलणार, घाट बोलणार, आणि मग सगळे माझ्याकडे बघणार. सुलट दोघांचं राहिलंय. मला त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागणार आहे, की सर, माझ्या घरी अजून एक दिवसाआड पाणी येतं, आणि मला अजून वाटतं की धरणं हवीत. इतकं सगळं ऐकून अजून वाटतं. मी हात खाली घेतलेला नाही. त्यांच्यासमोर दया म्हणून घेतला, तर तो त्यांचा अपमान होईल, एवढं तुमच्याकडून शिकले.

तुम्ही म्हणाला होतात, तुझी तुला काळजी आहे. घ्या. हो, हेच. हेच म्हणायचं होतं मला, इतकी वर्षं म्हणता आलं नाही. झालं समाधान? आता उठायची परवानगी आहे तुम्हाला. पण तुमचंही अर्धं चुकलंच, ते मी सोडणार नाही. घराची सवलत नसते म्हणणारी बाई दर संक्रांतीला त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसत होती.

काल निघताना भेरूभियाला गाठलं. म्हटलं, भिया, सोमवारी त्या हातांच्या दोन खुर्च्या सकाळीच मध्ये मांडून ठेव. समोरासमोर. आणि दुपारपर्यंत कुणी हलवायच्या नाहीत.

त्याने डोळे पुसले. जरा घुटमळला. त्याची नोकरी अशाच खुर्च्या उचलण्यात गेलेली, बिचाऱ्याचा काय दोष.

‘और मॅडम, साब आ गए तो?’

‘चहा पाज त्यांना,’ म्हटलं मी. ‘बाहेर, उभ्यानेच.’